फॉर्म तुम्ही भरलात, सर

सर, काल आमच्या फुटबॉलच्या पोरी पाच-शून्यने हरल्या, आणि आज सकाळी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून तुमचा फोटो दाखवला. दाखवला म्हणजे नुसतं बोट केलं. तो तिथं भिंतीवर कायमच आहे. सलग पाचव्यांदा जिंकलेला कप तुमच्या मांडीवर, मागे उभ्या सहा जणी, पुढे उकिडव्या बसलेल्या पाच, त्यात डावीकडून दुसरी मी, तुमची फुलबॅक. "सरांच्या वेळी असं नव्हतं, मॅडम," प्राचार्य म्हणाले. मी सांगितलं की आमच्या सेंटर हाफची काल प्रॅक्टिकलची परीक्षा होती, आणि ती नसली की मधलं मैदान मोकळं पडतं. "सेंटर हाफला प्रॅक्टिकल?" त्यांनी असं विचारलं, जणू मी तिला काल बोहल्यावर चढवून आले. "बी.एस्सी.ला घातलीच कशाला? खेळाडू म्हणजे बी.ए., हे सरांनीच घालून दिलंय ना?" तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली, तुमच्या खुर्चीवर मी बसते त्यालाही नऊ वर्षं झाली, तरी या कॉलेजात अजून सगळं तुम्हीच घालून दिलेलं आहे. वर त्यांनी तुमच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे दोन पानं मागितली. शुक्रवारपर्यंत द्या म्हणाले, आणि जरा हृद्य लिहा. हृद्य ते लिहीनच. पण आधी हे लिहिते, कारण माझं डोकं तापलं आहे, आणि ते प्राचार्यांमुळे थोडं नि तुमच्यामुळे जास्त.

तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस तुम्हाला कशाला लक्षात असेल? त्या जूनमधलं ते तुमचं सातवं-आठवं घर असणार. तालुक्याच्या स्पर्धेत मला खो-खोत पळताना बघून तुम्ही आमचं चाकणजवळचं गाव शोधत आलात. फुटबॉलला तोवर माझा पायही लागला नव्हता. वडील भोसरीच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून नुकतेच आलेले. तुम्ही स्कूटर चिंचेखाली लावता, ओट्यावर बसता, खिशातून चार घड्या घातलेला फॉर्म काढता. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. त्या वर्षी मी बारावी सायन्स पास झाले होते, आमच्या भावकीत पहिलीच. वडील म्हणाले, "पोर सायन्सला हाय, सर. तिच्या आईचं म्हननं हाय, फुडं बी तेच करावं." तुम्ही हसलात. "दादा, सायन्सला प्रॅक्टिकल दुपारी, आमची प्रॅक्टिस पण दुपारी. पोरगी एका वेळी दोन ठिकाणी कशी राहणार? बी.ए.ला घाला. सकाळी अकराला मोकळी. फी माफ, बसचा पास कॉलेजचा, आणि पदवीची जबाबदारी माझी." वडील म्हणाले, "व्हय, मंग तुमी म्हनाल तसं." माझी जन्मतारीख तुम्ही आईला विचारलीत, जातीचा दाखला आहे का ते वडिलांना विचारलंत, उंची तर नुसत्या डोळ्यांनी मापून लिहिलीत. शाखेच्या रकान्यात निळ्या शाईनं बी.ए. लिहिलंत आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंत. मला तुम्ही एकच प्रश्न विचारलात: "पाय किती नंबरचा?" मी पाच म्हटलं. तो नंबर तुम्ही फॉर्मच्या मागे टिपून घेतलात.

तुम्ही वाईट नव्हतात, हीच तर पंचाईत आहे. वाईट असतात तर एका शिवीत काम भागलं असतं. देहूरोडच्या तुमच्या क्वार्टरमधून माझ्यासाठी रोज डबा यायचा, त्यात दोन उकडलेली अंडी आणि कागदाच्या पुडीत मीठ-मिरपूड. आमचं घर माळकरी. अंड्याचं नावसुद्धा घरात निघत नव्हतं. मी ती जिमखान्याच्या खोलीत कपाटाआड उभी राहून खायचे आणि घरी जायच्या आधी तीनदा चुळा भरायचे. विद्यापीठाच्या कॅम्पच्या आदल्या दिवशी तुम्ही आम्हा चौघींना घरी जेवायला नेलं होतंत. काकू स्वयंपाकघरात अंडी सोलत होत्या, मी त्यांच्या हाताखाली. त्यांनी एकदम विचारलं, "काय गं, तुला चालतात ना ही? का आमचे हे जबरदस्तीनं खायला घालतात?" मी म्हटलं, चालतात. खरंच चालत होती, आवडायलाही लागली होती. पण दोन वर्षं अंडी खाल्ल्यावर पहिल्यांदा मला कुणीतरी हे विचारत होतं, आणि ते तुम्ही नव्हतात. तुम्ही बाहेरून ओरडत होतात, "वाढा लवकर, पोरींना झोपायचंय." आम्हाला झोपायचं नव्हतं, टीव्ही बघायचा होता.

आणि ती प्रयोगशाळा. दुसऱ्या वर्षाला असताना मी एकदा मैदानावर जाता जाता केमिस्ट्रीच्या लॅबच्या खिडकीशी थांबले. माझी गावची मैत्रीण आत पांढरा कोट घालून काचेच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, थेंब थेंब सोडत होती, आणि एका थेंबासरशी खालच्या चंबूतलं पाणी गुलाबी झालं. मी बघतच राहिले. मागून तुमचा आवाज: "काय गं, तिथं काय गोलपोस्ट आहे का?" सगळ्या टीमसमोर. पोरी हसल्या, लॅबमधले हसले, मैत्रीणसुद्धा हसली. वर पाच राउंड. ते पाचही राउंड मी रडत पळाले, आणि संध्याकाळी तुम्ही म्हणालात की आज तुझा स्टॅमिना बरा वाटला. ही गोष्ट मी पुढे शंभर वेळा सांगितली आहे, नवऱ्याला, मुलीला, स्टाफरूममध्ये. सरांनी त्या दिवशी बी.ए. लिहिलं नसतं तर आज मी चाकणच्या एखाद्या कंपनीच्या लॅबमध्ये साहेबीण असते, अशी. माझ्या मुलीला ती इतकी पाठ झाली आहे की मी "ब्युरेट" म्हटलं की ती "गुलाबी" म्हणते.

आता या वर्षीचं ऐका. नवीन बॅचसाठी जूनमध्ये ट्रायल घेतल्या. पिंपळे सौदागरच्या अकॅडमीतल्या पोरी मोटारीतून आल्या, आईबाप दोरीबाहेर मोबाइल धरून उभे. एक वडील मला विचारतात, तुमच्याकडे स्पोर्ट्स न्यूट्रिशनिस्ट आहे का? मी म्हटलं, पूर्वी एक काकू होत्या. पळायला लावल्यावर दहा मिनिटांत निम्म्या पोरी सावलीला. आणि महाळुंग्याहून एक पोरगी आली, शाळेच्या पीटीच्या बुटांत, एकटीच. तिनं मैदानाच्या मध्ये उभं राहून डावीउजवीकडे असा खेळ वाटला की मी शिटी वाजवायची विसरले. तुम्हाला फार आवडली असती. चौदापैकी तेरा जणींचे फॉर्म मी मैदानावरच भरले, हिच्या मात्र घरी गेले. रीत तुमचीच. कंपन्यांच्या मधल्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. माणसं लातूरकडची, वडील फोर्कलिफ्ट चालवतात, ते सेकंड शिफ्टला गेलेले. आईनं चटई टाकली, चहा ठेवला. फॉर्म आता मोबाइलवर असतो, सर. नाव झालं, जन्मतारीख झाली, मार्क झाले. शाखेच्या रकान्यावर बोट टेकवलं की यादी उघडते आणि तिच्यात बी.ए. सगळ्यात वर असतं. मी ते दाबलं. लपवू कशाला, दाबलंच. मग मान वर केली तर पोरगी माझ्या बोटाकडे बघत होती.

मी विचारलं, "तुला काय घ्यायचंय?" तिनं आईकडे बघितलं. आई घाईनं म्हणाली, "मॅडम म्हणतील तेच लिव्हा. तुमी लेकराचं चांगलंच करायलाव की." पोरगी हळूच म्हणाली, "पण मॅडमनी मला विचारलंय, आई." आणि मग माझ्याकडे बघून एका दमात: "बी.एस्सी. मायक्रो. मला चौऱ्याहत्तर टक्के आहेत. फुटबॉल पण खेळायचाय. दोन्ही." मी बी.ए. काढलं आणि बी.एस्सी. टाकलं. घरी येताना पूर्ण रस्ता मला तुमचा राग येत होता. इतकं साधं होतं, सर. तीन शब्दांचं काम होतं, आणि चहा निवायच्या आत उरकलं.

त्याची फळं मी भोगतेच आहे. मैदान आम्हाला दुपारी तीन ते पाचच मिळतं, सकाळी मुलांचं क्रिकेट असतं. आठवड्यातल्या तीन दुपारी माझी सेंटर हाफ लॅबमध्ये. उरलेल्या दिवशी ती जीव तोडून खेळते, पण तिचा पास कुठं पडणार आहे ते बाकीच्यांना अजून उमजत नाही. तुमच्या पाच कपांचं गुपित मला आत्ता कळतंय. अकराच्या अकरा बी.ए.! सकाळी अकराला मोकळ्या, रोज दुपारी तुमच्या ताब्यात. अशी टीम मलाही द्या, मीही कप आणून दाखवते. त्यात कसली आली आहे मर्दुमकी? आणि त्या फोटोतल्या आम्हा अकरा जणींपैकी पदवी किती जणींची पुरी झाली, माहीत आहे? दोघींची. दोघी, सर. स्पर्धा आली की पेपर बुडायचा, राहिलेला विषय राहायचा, मग लग्न. पदवीची जबाबदारी तुमची होती ना? ओट्यावर बसून तुम्हीच म्हणाला होतात. त्या बाकीच्या नऊ जणींकडे स्मरणिकेसाठी कुणी दोन पानं मागितलेली नाहीत. प्राचार्यांनी फोटोकडे बोट केलं तेव्हा मला हेच ओरडून सांगायचं होतं, आणि मी शहाण्यासारखी "हो सर, हो सर" करत उभी राहिले, त्याचा राग वेगळाच.

प्राचार्यांनी उपायही काढून ठेवला होता. "शाखा बदलून घेऊ. मी विद्यापीठात बोलतो, तुम्ही फक्त मुलीची सही आणा." टाइप केलेला अर्ज माझ्या हातात. दुपारी पोरगी आपणहून माझ्या खोलीत आली. "मॅडम, किती झाले?" "पाच." तिनं मान खाली घातली. "माझ्यामुळं ना? मी बी.ए. घेऊ का? आई पण तेच म्हणायलीय." अर्ज माझ्या पर्समध्ये होता. पेन टेबलावर होतं. पुढच्या महिन्यात विभागीय सामने, ती रोज मैदानावर, प्राचार्य खूश. आणि या वेळी तर तिनं स्वतःच्या तोंडानं म्हटलेलं, माझ्यावर बोलसुद्धा येणार नव्हता. माझा हात पर्सच्या चेनपर्यंत गेला होता. मग मी तिच्यावर असा आवाज चढवला की व्हरांड्यातला शिपाई डोकावून गेला. "एकदा सांगितलंस ना तुला काय हवंय ते? मग आता ते सोडायला माझ्याकडे यायचं नाही. पाच गोल माझे आहेत, तुझे नाहीत. परीक्षा कशी गेली ते सांग." ती बिचकली. म्हणाली, "बरी गेली. स्लाइड नीट दिसली." मी तिला तशीच मैदानावर पिटाळली; रागात माझं बोलणंही धड राहत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. नंतर प्राचार्यांकडे जाऊन अर्ज सही न घेताच परत दिला आणि सांगितलं की या वर्षी कप येणार नाही, पुढच्या वर्षीही येईलच असं नाही, आणि त्याचा जाब मलाच विचारा. ते तुमच्या फोटोकडे बघायला लागले. मी नाही बघितलं.

आता स्मरणिकेची पानं लिहायला घेईन. सरांनी माझ्यासारख्या खेड्यातल्या मुलीला मैदान दाखवलं, पोटच्या पोरीसारखं खाऊ घातलं, वगैरे. त्यात खोटं एक अक्षरही असणार नाही. हे मात्र कुणाला द्यायचं नाही. काकूंनाही नाही, त्या अजून देहूरोडलाच असतात, आणि त्यांच्या जिवाला लागेल. फक्त एक गोष्ट सांगून टाकते, कारण आज ती पोरगी समोर उभी असताना ती मला टोचत होती, आणि ती मी नवऱ्याला, मुलीला, कुणालाच कधी सांगितलेली नाही. बारावीला केमिस्ट्रीत मला अडतीस मार्क होते. पांढरा कोट आवडायचा, गुलाबी पाणी आवडायचं, पण पुस्तक उघडलं की झोप यायची. सायन्स आईला हवं होतं. त्या दिवशी तुम्ही मला विचारलं असतंत, तर मी बी.ए.च म्हणाले असते.