जसंच्या तसं सांग

प्रिय ताई,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. हातातलं काम संपव, खुर्चीत बस आणि मग वाच. फोनवर बोललो असतो, पण आपल्या घरात फोन कुठेही घेतला तरी तिन्ही खोल्यांत ऐकू जातो, हे तुला ठाऊक आहे. मोबाईलवर एवढं मोठं लिहिलं की मला शब्दांच्या चुका दिसत नाहीत, आणि नववीत माझी शाळा सुटली तरी शुद्धलेखन सुटू नये म्हणून तूच मला रोज एक पान लिहायला लावायचीस. आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या शेठांची लेक तुझ्याच शहराकडे परत निघाली आहे, तिच्या हाती देतो आहे. पाकीट दोनदा चिकटवलं आहे.

आधी चांगली बातमी. तू स्पॉन्सर म्हणून भरलेली सगळी कागदपत्रं मंजूर झाली. आता महिना संपायच्या आत इथून आईबाबांचे पासपोर्ट व्हिसाच्या शिक्क्यासाठी पाठवायचे, की झालं. नाही पाठवले तर फाईल बंद आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तोवर बाबांची तब्येत साथ देईल की नाही, याचा विचार मी करत नाही. पासपोर्ट माझ्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत. अजून पाठवलेले नाहीत. का, ते पुढे सांगतो. रागावू नकोस, आधी सगळं वाच.

तू त्यांच्या खोलीचे फोटो पाठवलेस. फिका पिवळा रंग, खिडकीला पडदे आणि मोठा डबल पलंग. खाली लिहिलं होतंस, आता तरी दोघांना एका खोलीत निवांत गप्पा मारू देत. आईने फोटो बघितले आणि मला म्हणाली, "यांना दाखव." बाबा हातभर अंतरावर बसले होते. मी मोबाईल तिच्या हातातून घेतला आणि त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "तिला सांग, खोली बरी आहे." मी वळून सांगितलं, "आई, बाबांना खोली फार आवडली."

तू गेलीस त्या दिवसापासून ते दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत.

भांडण नाही, आदळआपट नाही. बाबांच्या शर्टाचं बटण तुटलं तर आई न सांगता लावते. आईचं शिलाई मशीन करकरायला लागलं की बाबा आपणहून तेलाची कुपी घेऊन खाली बसतात, पाइपांची कामं केलेला माणूस, हात स्वस्थ बसत नाहीत. जेवायला आम्ही तिघं एकत्र बसतो. फक्त बोलायचं झालं की ते माझ्यामार्फत. "विचार त्यांना, अजून वाढू का." "तिला सांग, पुरे." वाढणारा हात आणि ताट यांच्यात वीतभर अंतर, आणि मधे मी. तुला फोनवर कधी कळलं नाही, कारण फोन कायम माझ्या हातातून इकडचा तिकडे गेला. व्हिडिओवर मी दोघांच्या मधे बसायचो आणि तू हसायचीस, "अरे बारक्या, खांबासारखा मधे काय बसतोस, सरक, आईबाबांना बघू दे!" मी सरकलो नाही.

सुरुवातीला मी ऐकलं तसंच पोचवायचो. मग एखाद्या शब्दावरून घरात दोन-दोन दिवस कुणी धड जेवायचं नाही. म्हणून मी शब्द घासायला लागलो. माझं कामच ते आहे. चष्म्याची काच आली तशी फ्रेममध्ये बसत नाही. कड घासावी लागते. जास्त घासली तर निसटते, कमी घासली तर बसवताना तडकते. बाबा म्हणणार, "तिला सांग, ते मशीन बंद कर, डोकं उठलं माझं." मी सांगणार, "आई, बाबा म्हणतात, दमली असशील, जरा पड." आई म्हणणार, "त्यांना म्हणावं, मला हौस नाही पाय मारत बसायची." मी सांगणार, "बाबा, दोनच शिवणी राहिल्यात म्हणते." थोड्या वेळाने मशीन बंद व्हायचं, बाबा पेपर उघडायचे, आणि माझ्या जिवात जीव यायचा. अशी नऊ वर्षं. शेठ बाहेरगावच्या कामाला विचारतात तेव्हा मी दर वेळी नाही म्हणतो. ते चिडवतात, "घरी काय तान्ही पोरं आहेत का रे तुला?" मी मनात म्हणतो, आहेत की, दोन.

आणि तुझ्या फाईलमध्ये मी बसत नाही. कमावता मुलगा आईवडिलांबरोबर जाऊ शकत नाही, हे तूच मला समजावून सांगितलंस. तेव्हा मी बरं म्हटलं, पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. तिकडे मधे कोण बसणार?

व्हिसाच्या मुलाखतीला दोघांना एकत्र आत घेतलं आणि मला बाहेर बसवलं. शिपाई म्हणाला, "तुमचं नाव नाही यात." दार काचेचं होतं. आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. समोर अधिकारी बाई, शेजारी दुभाष्या. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून फोटो काढायला बसल्यासारखे. बाई काही विचारायच्या, दुभाष्या आईकडे वळायचा, आई बोलायची, दुभाष्या परत बाईंकडे वळायचा. माझंच काम तो करत होता, पण पगार घेऊन. एका प्रश्नावर आई बराच वेळ बोलली आणि बाबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. अनोळखी माणसाने रस्त्यात हाक मारावी तसं. मला वाटलं, संपलं सगळं.

नंतर दुभाष्या पाणी प्यायला बाहेर आला. म्हणाला, "छान आहेत हो तुमचे आईवडील. बाईंनी विचारलं, परक्या जागी एकमेकांना सांभाळाल का, तर तुमच्या आई म्हणाल्या, हे फार बघतात माझ्याकडे. मी मशीनवर बसले की म्हणतात, दमली असशील, जरा पड." मी विचारलं, "आणि वडील?" तो म्हणाला, "त्यांना विचारलं, असं म्हणता का तुम्ही? जरा थांबले, मग म्हणाले, हो, म्हणतो."

त्या संध्याकाळी बाबा दुकानात आले. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू ढिला झालाय म्हणाले. झाला नव्हता. तरी मी पिळून दिला. चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "अजून काय काय बोलतो रे मी?"

मी स्क्रूड्रायव्हर खणात ठेवला. ते काउंटरवरची फ्रेम उगाच उघडत-मिटत राहिले आणि गेले.

मंजुरी आली त्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं. "तिला सांग, तू जा लेकीकडे. मी इथेच राहतो." मी का विचारलं, तर म्हणाले, "तिकडे तू नसणार. मग ते सगळं मलाच बोलावं लागेल. मला जमायचं नाही ते. तिला वाटेल, माणूस बदलला."

मी हा निरोप घेऊन स्वयंपाकघरात गेलो, तर मी तोंड उघडायच्या आधीच आई म्हणाली, "यांना सांग, तुम्ही जा. मी राहते. त्या दिवशी दारात मी जे बोलले, ते पोरीच्या घरात माझ्या तोंडून पुन्हा निघालं तर?" काय बोलली होती ते आता तुलाही सांगतो. तुझी गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा आई बाबांना म्हणाली, "तुम्हीच घालवलीत तिला. आता कुणाशी बोलायचं ते बोला." तुझ्या परदेशाच्या अर्जावर बाबांनी तिला न विचारता सही केली होती ना, त्यावरून. बाबा म्हणाले, "बरं." तो शेवटचा शब्द. यात तुझं काही चुकलेलं नाही. तुला तसं वाटू नये म्हणूनच इतकी वर्षं बोललो नाही.

मी जायला वळलो तेव्हा ओट्याकडे तोंड करूनच आई म्हणाली, "आणि जसंच्या तसं सांग हं. तुझी साखर नको त्यात." मी म्हटलं, "कसली साखर?" म्हणाली, "अरे, संसार केलाय मी त्यांच्याबरोबर. हा माणूस जन्मात 'जरा पड' म्हणायचा नाही, एवढं कळतं मला." मी म्हटलं, "मग त्या बाईंना का सांगितलंस तसं?" आई भांडं विसळत राहिली. मग म्हणाली, "बाईंना कुठे सांगितलं? माझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

ताई, हे दोन्ही निरोप अजून माझ्याजवळच आहेत. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी कुणाचं काही पोचवलेलं नाही. आणि आज मी शेठांना हो म्हटलं आहे. बाहेरगावी डोळे तपासणीचं शिबिर आहे, चष्मे बसवायला माणूस हवा. उद्या सकाळी निघतो, आठवडाभर नाही. घरी सांगितलं तेव्हा दोघांनीही एकदम माझ्याकडे बघितलं. बाबा म्हणाले, "मग तिला कोण सांगणार?" मी बॅग भरायला उठलो. निघताना पासपोर्टची पिशवी टेबलावर मधोमध ठेवणार आहे, आणि एवढंच सांगणार आहे, की दोघांनी मला काही सांगितलंय, ते एकमेकांना विचारा.

आता तुझं काम, आणि त्यासाठीच हे लिहिलं. मला फोन करू नकोस. रविवारी घरच्या फोनवर कर. जो उचलेल त्याच्याशी बोल, आणि मग म्हण, आता दुसऱ्याला दे. आई असेल तर म्हणेल, बारक्या नाही घरात. तू म्हण, माहीत आहे, तूच दे. मग काही बोलू नकोस, फोन कानाला लावून ऐकत राहा. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना 'घ्या' किंवा 'घे', एवढा एक शब्द जरी ऐकू आला, तरी मला मेसेजने कळव. मी परत येऊन पासपोर्ट पाठवतो, आणि तुझा मोठा पलंग राहू दे. काहीच ऐकू आलं नाही, तर तेही कळव. पण जसंच्या तसं कळव, ताई. माझ्यासाठी साखर घालू नकोस.

तुझाच, अजून मधेच बसलेला,
बारक्या