उघड्या कार्डावरचा प्रश्न

पारनेर,
८ फेब्रुवारी १९७३

प्रिय कृपादान,

तुझी आई, आमच्या रेबेकामावशी, बऱ्या आहेत. हे आधी लिहितो, कारण माझं अक्षर पाहिलं की तुझा जीव तिकडंच धावणार. रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात. मी नको म्हटलं तर मलाच रागावतात. विहिरींनी तळ गाठलाय आणि सरकारी रेशनच्या मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नाही.

नाताळानंतरच्या सभेला रेव्हरंड शेलार आले होते. त्यांना ऐकायला जिल्हाभरातून माणसं लोटतात. मी नेहमीसारखा वही घेऊन पुढं बसलो. सात वर्षं आपल्या चर्चच्या मंडळीसाठी प्रवचनं उतरवून घेतोय. लोक चेष्टा करतात, की पाळकाची शिंकसुद्धा मास्तरांच्या वहीत सापडेल. पण रेव्हरंड सदोम नगराच्या नाशावर आले, पुरुषानं पुरुषाशी संबंध ठेवण्याविषयी बोलू लागले, आणि माझा हातच थांबला. कुणी माझ्याकडं बघतंय का, एवढंच मी बघत होतो. पुढचं काही ऐकू आलं नाही. अर्धं पान कोरं राहिलं.

त्या कोऱ्या पानानं घात केला. आठवड्याभरात पुंजाराम पंच सांगत सुटले, की रेव्हरंड म्हणाले, असल्यांच्या पापानंच पाऊस गेला, त्यांची नावं मंडळीच्या यादीतून काढा. वही मागितली तर मी काय दाखवणार? मग बोट तुझ्याकडं वळलं. तू दोन स्थळं नाकारलीस, गाव सोडून सोलापूरला गेलास, त्यांना तेवढं पुरलं. येत्या रविवारी उपासनेनंतर पंच बसणार आहेत, तुझं नाव कमी करायला. उद्या मावशींचं काही बरंवाईट झालं, तर तू त्यांच्या मातीला मंडळीत उभा राहू शकणार नाहीस रे.

म्हणून मी खरंखोटं करायला निघालो. गोजरबाई पाण्याचा तांब्या घेऊन रेव्हरंडांच्या अगदी पायाशी बसलेली. ती म्हणाली, पावसाचं कायबी बोलले न्हाईत. भजनाचा पेटीवाला म्हणाला, बोलले की! पण तो पुंजारामांचा जावई. शेवटी रेव्हरंडांनाच लिहिलं, बंद पाकिटात, डिंक दोनदा लावून.

उत्तर आलं पोस्टकार्डावर. आपला बन्सी पोस्टमन कार्ड हातात देत नाही, वाचून दाखवतो. निम्म्या गावाला वाचता येत नाही, त्याला सवयच तशी. शाळा सुटल्यावर मी खडीच्या कामावर मजुरांची हजेरी घेत होतो. त्यानं तिथंच, सगळ्यांदेखत, खणखणीत वाचलं: “ते पाप आहे असे मी म्हणालो व आजही म्हणतो. त्यामुळे दुष्काळ पडला असे मी म्हणालो नाही. कुणाचे नाव काढा असेही नाही. अशा भावाला एकटे टाकू नका, एवढेच सांगितले. आपण इतक्या काकुळतीने कुणासाठी विचारता?”

पहिलं वाक्य मला लागलं. खोटं कशाला बोलू, मी वेगळी आशा धरली होती. पण शेवटचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. हातोड्या थांबल्या. पुंजाराम हळूच म्हणाले, “मास्तर, कुनासाठी इचारलंत?” मी म्हटलं, रविवारी सांगतो. मावशी तेवढ्या मान खाली घालून खडी फोडत राहिल्या.

आता दुष्काळाचं खोटं पडलं, पण पुंजाराम नवंच बोलतायत. मास्तरांनी दोस्तासाठी विचारलं, म्हणजे दोस्तात काहीतरी आहेच. तुला वाचवायला गेलो आणि तुलाच आणखी अडकवलं.

पाच वर्षांपूर्वी एसटी स्टँडवर तू म्हणाला होतास, चल माझ्याबरोबर. तेव्हाही असाच गारठलो होतो मी. उपासनेची वेळ झाली म्हणून सांगितलं आणि वही घेऊन परतलो. त्या सकाळची मला अजून लाज वाटते. रविवारी मी कार्ड सगळं वाचीन, पहिलं वाक्यही गाळणार नाही. मग सांगीन, मी माझ्यासाठी विचारलं. मिशनच्या शाळेतली नोकरी जाईल, खोली जाईल, पुढचं सुचत नाही. तुझं उत्तर रविवारच्या आत पोहोचणार नाही, हे बघूनच आज टाकतोय, नाहीतर तू मला अडवशील आणि मी आनंदानं अडेन. उत्तर मात्र पाठव. कार्डावर लिहिलंस तरी चालेल.

उशिरा का होईना, तुझाच,
प्रभुदास