दारलुआची जागा

एनिस्किलन
९ ऑक्टोबर १९९१

ती. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला म्हणून रागावली असशील, तर खुशाल रागव. सबबी शोधण्याइतका जोर आता माझ्यात उरलेला नाही. उजाडायच्या आत निघायचं, दिवसभर चिखल तुडवायचा आणि खोलीवर आलं की बुटांसकट पलंगावर पडायचं, असं चाललंय. गुडघा कुरकुरतो. काल चेकपॉइंटवर एका पोरसवदा सोल्जरनं गाडीतली फावडी बघून विचारलं, की इथे काय पुरतोयस? मी म्हटलं, पुरत नाही बाबा, शोधतोय. त्याला ते आणखीच संशयास्पद वाटलं.

भाऊजी दर वेळी विचारतात ना, की शशी नक्की करतो काय? त्यांना सांग, हजारेक वर्षांपूर्वी इथल्या ख्रिस्ती भिक्खूंनी आपल्या संतांच्या तिथींच्या याद्या लिहून ठेवल्या. वर्षाच्या एकेका दिवसाला कितीतरी नावं. थोरामोठ्यांच्या कथा आहेत, चमत्कार आहेत. बाकीच्यांचं नुसतं नाव आणि ठिकाण. ते ठिकाण आज कुठे येतं ते जमिनीवर जाऊन शोधायचं, आणि जुन्या चर्चची खूण सापडली तर सरकारला सांगायचं, की इथे कोणाला हात लावू देऊ नका. हे माझं काम. सध्या दारलुआ नावाच्या एका बाईच्या मागे आहे. तिच्यावर यादीत एवढंच आहे: दारलुआ, दोन तळ्यांमधली. आता उत्तर आयर्लंडच्या या फरमॅना जिल्ह्यात दोन तळ्यांमध्ये नसलेली जागा मिळणं कठीण, तिथे मी काय करू?

ह्यू मॅग्वायर म्हणून एक शेतकरी आहे. त्याच्या वरच्या शेतात एक जुना गोल बांध आहे, काटेरी झाडं आहेत आणि आत लहान लहान दगड रोवलेले आहेत. पलीकडे तळं आहे. ह्यूला तिथे गुरांसाठी शेड बांधायचीय, खुंट्या ठोकून झाल्यात. ऑफिसनं माझ्याकडे जानेवारीपर्यंत रिपोर्ट मागितलाय. दारलुआचं चर्च इथेच होतं असं निघालं तर शेड रद्द. नाही निघालं तर जमीन सपाट करायला डिगर येणार. ते दगड लहान मुलांचे आहेत म्हणतात. त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन.

भाऊजींना जय भीम. तब्येतीला जप, आणि माझ्यावरची माया आहे तशी असू दे.

तुझा,
शशी


कॉव्हेंट्री
२० ऑक्टोबर १९९१

चि. शशीस,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

इकडे सगळं आहे तसंच आहे. कारखान्यातून रिडंडन्सी घेऊन घरी बसल्यापासून यांना दिवस खायला उठतो. बागेतलं गवत कापतात, मग खिडकीत बसून ते परत वाढायची वाट बघतात. जेवताना मी तुझं पत्र वाचून दाखवते, तोच त्यांचा रेडिओ. फोन नको म्हणतात, फोनवर तू नुसता हं हं करतोस. मीनल रविवारी क्रॉयडनहून आली होती. मामाचा जॉब मला अजून नाही समजली, असं तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. मी म्हटलं, मामाला तरी कुठे समजलाय?

पण शशी, असं अर्धवट कोणी लिहितं का रे? लहान मुलांचे दगड म्हणायचं आणि पुढे कधीतरी म्हणून मोकळं व्हायचं? हे ताटावरून उठले. मला वाटलं भाजी खारट झाली.

तू माझ्यामुळे हात आखडलास, हे कळायला मला चष्मा लागत नाही. बावीस वर्षं सगळे माझ्यापुढे असेच मधेच गप्प होतात. एकोणसत्तर साली माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, यात आता लपवायचं काय उरलंय? नर्सनं गुंडाळून नेलं, मला तोंडसुद्धा नीट पाहू दिलं नाही. घरी जा, दुसरं होईल, म्हणाली. मीनल झाली, खरं आहे. पण ते पहिलं कुठे ठेवलं, ते मला आजतागायत माहीत नाही. यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाले, हॉस्पिटलनं केलं सगळं. तिसऱ्यांदा विचारायची छाती झाली नाही. तेव्हा आता मला जपू नकोस. नीट सगळं लिही.

गुडघ्याला तेल लाव. आमचा जीव तुझ्यात अडकलेला असतो, हे ध्यानात ठेव.

तुझी,
ताई


एनिस्किलन
२ नोव्हेंबर १९९१

ती. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

चुकलो. आता सगळं लिहितो.

बाप्तिस्मा व्हायच्या आत मूल गेलं, की त्याला चर्चच्या जमिनीत जागा मिळत नसे. देव आत घेत नाही म्हणायचे. मग दिवस कलला की बापानं एकट्यानं ती लहानशी पेटी काखेत मारून निघायचं, आणि एखाद्या ओसाड जागी पुरून यायचं. नाव नाही, प्रार्थना नाही. उशाला हाताला लागेल तो दगड. आईनं जायचं नाही. अगदी चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत हे चाललं होतं. गावाबाहेरची वेगळी जमीन म्हणजे काय, हे आपल्या घरात कोणाला समजावून सांगायला नको. पहिल्या दिवशी तिथे उभा राहिलो तेव्हा मला आजोबांच्या गावची आपली स्मशानाची जागाच आठवली, आणि राग आला.

यातली एकच गोष्ट माझ्या कामाची आहे. लोक पुष्कळदा या मुलांसाठी एखाद्या विसरलेल्या संताची पडकी जागा निवडत. आत घेत नाहीत ना, मग निदान एके काळी पवित्र असलेली माती तरी मिळू दे, असं बापांच्या मनात असावं. म्हणून ह्यूचं शेत दारलुआचं असेल अशी मला आशा आहे. नसेल तर कायदा मदतीला येत नाही. या मुलांची कुठेही नोंद नाही, आणि सरकारच्या दृष्टीनं ती पुरेशी जुनी नाहीत.

ह्यू वाईट माणूस नाही. हिवाळ्यात गुरं उघड्यावर राहतात, त्याचंही खरं आहे. त्याची आई, ऐंशीच्या घरातली, मला रोज चहा देते आणि शेताचा विषय निघाला की चुलीकडे तोंड करते. ह्यू म्हणतो, गावातल्या एका जरी घरानं येऊन सांगितलं की आमचं मूल इथे आहे, तर मी थांबेन. कोणी येत नाही.

थकलोय. तुझा लोभ आहे म्हणून चाललंय.

तुझा,
शशी


कॉव्हेंट्री
१२ नोव्हेंबर १९९१

चि. शशीस,
आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र वाचून दाखवलं. बाप एकटा पेटी घेऊन जातो तिथे हे घास हातात धरून बसले. मी विचारलं काय झालं, तर काही नाही म्हणाले.

मला यादी, पोथी, कायदा काही कळत नाही. मी एवढंच म्हणते, की लिहून टाक, हीच ती जागा. हजार वर्षांपूर्वीची बाई उठून येणार आहे का भांडायला? तुझ्या त्या दारलुआला नाव तरी आहे, जागा नाही. माझ्या बाळाला दोन्ही नाही. त्या पोरांना निदान जागा आहे, ती तरी ठेव रे. तुझ्या एका शब्दावर आहे तर तो शब्द टाकायला तुझं काय जातं?

हे रागानं लिहितेय असं समजू नकोस. नाही, रागानंच लिहितेय. पोस्टात टाकीपर्यंत निवला नाही तर तसाच येईल तुझ्याकडे.

पोटभर जेवत जा. राग माझा आणि मायाही माझीच, दोन्ही सांभाळून घे.

तुझी,
ताई


एनिस्किलन
१ डिसेंबर १९९१

ती. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझा राग आला तसाच्या तसा मिळाला. चार रात्री त्यानं झोपू दिलं नाही. तरी तू म्हणतेस तसं मला लिहिता येणार नाही.

ह्यूच्या शेताजवळ एकच तळं खरं आहे. दुसरं कुणा जमीनदारानं मासे पाळायला खणून घेतलेलं. बांधही चर्चचा नाही, जुन्या काळच्या शेतकऱ्याच्या अंगणाचा आहे. असे इथे हजारोंनी आहेत. आणि दारलुआ सापडली. टेकडीपलीकडे दोन जुन्या तळ्यांच्या मधे एक झरा आहे, त्याला तिथल्या म्हाताऱ्या बायका अजून दारलुआची विहीर म्हणतात. वर गवताखाली भिंतीचा पाया लागला, आणि कुंपणात क्रूस कोरलेला दगड मिळाला. त्या माळावर येत्या वसंतात पाइनची लागवड व्हायची आहे. मी तिला ह्यूच्या शेतात नेऊन बसवलं, तर तिची खरी जागा मुळांखाली जाईल. ज्यांनी नुसतं एक नाव इतकी शतकं पुसू दिलं नाही, त्यांना मी फसवू?

ताई, हे लिहिताना मला आनंद व्हायला हवा होता. दोन वर्षं शोधत होतो तिला. पण क्रूस दिसला तेव्हा मी तिथेच बसलो, आणि मला वाटलं, हिनं सापडायला नको होतं.

गावात घरोघरी जाऊन आलो. सगळे म्हणतात, असतील कोणाची तरी, आमचं नाही. पादरीबाबासुद्धा म्हणाले, बायकांना आता कशाला आठवण करून द्यायची. ह्यूचं म्हणणं असं, की जे कोणाचंच नाही त्यासाठी त्यानं गुरं का भिजवावीत. जानेवारीत डिगर येईल. माझ्याकडून यापुढे काही होणार नाही.

रागावून का होईना, लिहीत राहा.

तुझा,
शशी


कॉव्हेंट्री
१६ डिसेंबर १९९१

चि. शशीस,
आशीर्वाद आणि जय भीम.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

तुझं पत्र मी वाचत होते. कोणाचंच नाही, असं ह्यू म्हणतो, तिथवर आले आणि हे म्हणाले, "कोणाचं तरी असतंच." मग उठून कोट घातला आणि मला म्हणाले, चल. पावसात कुठे, विचारलं, तोवर हे दाराबाहेर. दोन बस बदलून मोठ्या सिमेटरीत नेलं. पार मागे, भिंतीच्या कडेला एक गवताची पट्टी आहे. दगड नाही, पाटी नाही. तिथल्या एका झुडपापासून त्यांनी पावलं टाकली आणि थांबले. म्हणाले, इथे.

शशी, यांना सगळं माहीत होतं. हॉस्पिटलचा माणूस पेटी न्यायला आला तेव्हा हे त्याच्या आडवे उभे राहिले. दात न आलेलं लेकरू आमच्यात पुरतात, आणि बापानं हातावर नेतात, असं मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं. त्या भल्या माणसानं यांना व्हॅनमध्ये बसवून घेतलं. मांडीवर पेटी घेऊन गेले. माती यांनी टाकली. पण तेव्हा घरात कांताआत्या होत्या, यांना वाढवणाऱ्या. त्यांनी यांच्याकडून शब्द घेतला, की बाईमाणसाला ती जागा दाखवायची नाही, जीव तिथेच घुटमळतो, मग दुसरं मूल धरत नाही. आपल्यातली जुनी समजूत. आत्याबाईंना जाऊन सात वर्षं झाली, तरी हे शब्द पाळतच बसले. शनिवारी फुटबॉलला म्हणून जायचे, ते कधीकधी तिकडे जायचे.

मी काय केलं सांगू? तिथे सगळ्यांदेखत त्यांच्या पाठीत गुद्दे घातले. बावीस वर्षं मी दर वेळी खिडकीतून बघताना विचार केलाय, की कुठल्या भट्टीत, कुठल्या कचऱ्यात गेलं असेल. एका वाक्यात ते सगळं थांबलं असतं. हे मार खात उभे राहिले. मग मी गवतावर बसले आणि हेही बसले. दोघांनी त्रिसरण पंचशील म्हटलं. मुलगी होती, म्हणाले. तेही मला माहीत नव्हतं.

तू खोटं लिहू नकोस. मी तसं म्हणायला नको होतं. पण ह्यूच्या आईला हे सांग. माझं नाव घेऊन सांग.

यांचा तुला जय भीम. आज त्यांच्याही वतीनं माया पाठवते.

तुझी,
ताई


एनिस्किलन
१२ जानेवारी १९९२

ती. ताईस, ती. भाऊजींस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र मी खिशात घेऊन फिरलो. दोघांना एकदम लिहितोय, कारण हे दोघांचंच आहे.

रिपोर्ट खरा तोच लिहिला. दारलुआ टेकडीपलीकडे, ह्यूच्या शेतात चर्च नाही. शुक्रवारी तो ऑफिसात दिला आणि ह्यूला सांगायला गेलो. तो खूश झाला, डिगर सोमवारी येतोय म्हणाला. त्याच्या आईनं चहा ठेवला. मग मी बसून तुमची हकिगत सांगितली. नावं घेऊन सांगितली. व्हॅन, मांडीवरची पेटी, आत्याबाईंचा शब्द, झुडपापासूनची पावलं. म्हातारी चुलीकडे तोंड करून ऐकत होती. संपल्यावर तिनं एकच विचारलं, की तुझ्या बहिणीनं नवऱ्याला मारलं, ते जोरात मारलं का? मी म्हटलं, आमची ताई आहे, जोरातच मारलं असणार.

तिनं खुंटीवरचा कोट घेतला आणि काठी घेऊन बाहेर पडली. ह्यू आणि मी मागोमाग. वरच्या शेतात ती लग्न होऊन आल्यापासून कधी चढलेली नाही, ह्यूला वाटे, चढ सोसत नाही म्हणून. बांधापाशी गेली आणि काठीनं तिथले दगड एकेक करून बघत गेली. पुन्हा पहिल्यापाशी आली. ह्यूचा बाप वीस वर्षांपूर्वी वारला. त्यानं तिला कधी काही सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

मग ती मुलाला म्हणाली, "तुझ्या आधी एक होता. यातला एक माझा आहे. कुठला, ते मला दाखवणारा गेला. म्हणून एकालाही हात लावू नकोस."

ह्यूनं टोपी काढली. मग तो खाली वाकला आणि हातानं एकेक खुंटी उपटायला लागला. ओल्या मातीत त्या घट्ट बसल्या होत्या. मीही दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. म्हातारी बांधावर बसून आम्हाला बजावत होती, की हळू काढा, हळू.

तुम्हा दोघांचा लोभ जन्मभर पुरेल इतका आहे, आणखी काय मागू?

तुमचा,
शशी