दारानं तेल पिलं नाही

बा, तू दिलेल्या दारानं यंदा तेल पिलं नाही. वाटीभर जवसाचं तेल कोमट करून नेलं, तळहातावर घेऊन लावलं, तर सारं मणी-मणी होऊन खाली घरंगळलं अन् माझ्याच पायावर आलं. एवढा अपमान तर माझ्या सासूनंही केला नव्हता, अन् ती तर त्यात पटाईत होती.

हे पत्र माझी नात लिहून राह्यली आहे. दाराचं वाटोळं तिनंच केलं, म्हणून शिक्षा म्हणून तिलेच लिहायले बसवलं. माझं बोलणं ती मधेमधे शाळेतल्यासारखं करते, तेवढं चालवून घे. मी मोतीबिंदू काढायले पुसदले लेकीकडे गेलती, तेवढ्यात हिनं दाराले भलतंच काही पाजलं. लाकडाच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत ही कामाले आहे. तिथं बाटलीत एक औषध बनते, पाण्यासारखं पातळ. त्यात म्हणे जस्ताचे असे बारीक कण असतात, की जन्मभर एक केस उभा चिरत बसलं तरी तेवढा बारीक होणार नाही. नॅनो म्हणतात त्याले. ते कण लाकडाच्या छिद्राछिद्रात जाऊन बसतात, मग ऊन लागत नाही, पाणी-तेल मुरत नाही, उधई पोखरत नाही. "आजी, आता दाराले काहीच होत नाही," म्हणे. मी म्हटलं, "काहीच होत नाही ते मेलेल्याले, वं." तू राग मानू नको बा, तुले उद्देशून नव्हतं.

माझ्या लग्नानंतर तू पहिल्यांदा आला, तो दिवस मले अजून दिसते. सासरी दाराच्या जागी बांबूचा तट्टा होता. तू चहा पिला, तट्ट्याकडे पाह्यलं, उठून गेला. अन् पुढच्या बाजाराच्या दिवशी बैलगाडीत स्वतः घडवलेलं सागाचं दार घालून हजर. सासरे हसले, "व्याही, आमच्या घरी चोरून न्यासारखं हाय तरी काय?" तू पाचर ठोकता ठोकता म्हणाला, "माही पोरगी हाय." मग आतून कडी बसवली. त्या घरात माझ्या हातातली पहिली गोष्ट म्हणजे ती कडी. जाताना सांगून गेला, दरसाल मिरगाच्या आधी दाराले तेल पाजत जा. पुढच्या साली मी चिंधीनं तेल फासत होती अन् तू नेमका आला. शेजारपाजार जमा होईल एवढ्यानं ओरडला, "चिंधीनं भांडे पुसतात! लाकडाले हात लावाव लागते." तू गेला त्यालेही किती वर्षं झाली, पण मी हात लावत राह्यली. कोणी बापाच्या नावानं पान वाढते, मी तेल लावते. आपली भेट वर्षातून तेवढीच, अन् या पोरीनं त्या भेटीवर बाटली ओतली.

वरून मलेच शिकवते. "लाकूड जास्त टिकलं तर नवीन झाड तोडाव लागत नाही, आजी. जंगल वाचते." वाचलंच पायजे, मी कायले नाही म्हणू? पण सुरुवात माझ्या दारापासून काहून? माय सरपणाची मोळी घेऊन येत होती, तवा जंगलाच्या नाक्यावर गार्डानं तिचा कोयता हिसकावला, नाही नाही ते बोलला. अन् तिच्या अंगावर धूळ उडवत सागानं भरलेले ट्रक त्याच नाक्यातून सलाम घेत निघून गेले. तवा कोणाले जंगल आठवलं नाही. ज्यांनी टेकड्या बोडक्या केल्या, त्यांच्या बंगल्याच्या दाराले चोपडा म्हणा ही बाटली. जे दार एवढी वर्षं माझ्या हातानं टिकलं, ते वाचवून मोठं जंगल वाचवलं म्हणतात!

"टिकलं नव्हतं, आजी," ती हळूच म्हणाली. "खालून उधई लागलती. चौकटीचा पाय पोकळ झालता. तुले दिसत नव्हतं."

"मंग मले फोन काहून नाही केला?"

"डोळ्याले पट्टी होती तुह्या. रडली असती."

हे खरं होतं, म्हणून मले आणखीनच राग आला.

आता ती रेगमाल, लाकूड घासायचा खरखरीत कागद, आणून बसली आहे. "तू म्हणशील तर घासून काढते, मंग खुशाल तेल पाज. उधई आली तर मले बोलू नको." मी दोन दिवस तोंड फिरवून बसली आहे.

हे पत्र काही मी टाकत नाही. तुले वाचता येत नव्हतं, मले येत नाही, अन् जिले येते तीच आरोपी. पण एक सांगते. काल दुपारी घरात कोणी नव्हतं, तवा मी कोरडाच हात दारावरून फिरवला. कडीच्या खाली, जिथं तुझा रंधा पोचला नसेल, तिथं वाकसाच्या पात्यानं तासल्याच्या खुणा आहेत, ओळीनं, उजवीकडून डावीकडं. एवढ्या वर्षांत तेलाच्या नादात त्या कधी हाताले लागल्याच नव्हत्या. मी तिथं पाय दुखेपर्यंत उभी होती. रेगमाल मी लावू देणार नाही, बा. पण पोरीले आणखी दोन दिवस घाबरू दे. ए, थांब वं, हे कायले लिहून राह्यली? हे तुले नाही सांगितलं.