मंडईतला प्रोफेसर

३ नोव्हेंबर, सोमवार

प्राचार्यांनी आज डोकं फिरवलं! झाडीबोली साहित्याचा पेपर — माझा पेपर! — पुढच्या वर्षी बंद करायचा म्हणतात. "सर, बच्चे कहाँ हैं?" आयुष्य घातलं मी यात. कोणी विचारत नव्हतं तेव्हा गावोगाव फिरून दंडारी, इथली लोकनाट्यं, उतरवून घेतल्या, छापल्या, शिकवल्या. शेवटी म्हणाले, दंडारीवर चर्चासत्र घ्या, हॉल भरला तर बघू. तारीखही स्वतःच ठरवून मोकळे — बारा. पुढे हॉल लग्नांना दिलाय म्हणे!

५ नोव्हेंबर

बोदलकशाकडे सुखरामच्या गावी गेलो. त्याच्याच दंडारी मी वर्गात शिकवतो, त्याच्याशिवाय चर्चासत्र कसलं? धानाचे भारे बांधत होता. "बाराले? त्या दिसी आमची मंडई हाये जी. दंडार सोडून भाषनाले कोन येईल?"

दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, दिवसभर दंडार चालते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. प्राचार्यांना सांगितलं. "मंडई तो हर साल होती है." मूर्ख!

१२ नोव्हेंबर

बाहेरचे तीन पाहुणे, शिपाई आणि मी. नीतूसुद्धा नाही! माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी, निबंध वाचणार होती. प्राचार्य रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढत होते. पुरावा!

सुखरामसाठी आणलेले शाल-नारळ उचलले आणि तडक त्याचं गाव गाठलं. चार लोकांत झाडायचं होतं त्याला. मंडईत पाय ठेवायला जागा नाही. दंडार रंगात आलेली, मधोमध सुखराम. तेवढ्यात एक सोंग आलं — ढगळ कोट, चष्मा, काखेत शाल, हातात नारळ. "सुप्रभात! येथे कोणी लोककलावंत आहे का? मला त्याचा सत्कार करावयाचा आहे!"

सुखराम दचकल्यासारखा मागे सरला. "थांबा न जी, आमी अजून मेलो नाही!"

बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. आणि मी तिथेच उभा, अंगात तसाच कोट, हातात तसाच नारळ!

सोंगाने चष्मा काढला. नीतू! प्रवेश लिहिलाही तिनेच, शेजारचा म्हणाला.

१३ नोव्हेंबर

नीतू दारात आली. "सर, तुमीच त म्हनत होते, आपल्या बोलीत लिवा म्हनून." म्हणालो होतो. माझ्यावर लिही म्हणालो नव्हतो! दार लावून घेतलं.

प्रवेश चांगला आहे. त्याचीच जास्त चीड येते.

२१ नोव्हेंबर

पेपर बंद. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सांगून टाकलं. कोणी मान वर केली नाही.

२४ नोव्हेंबर

नीतूचा फोन. त्या सोंगाला दुसऱ्या गावांच्या मंडईतून बोलावणं येतंय. "सर, सोंगाले तुमचा कोट देता का?" म्हटलं, आधी ते सुप्रभात काढ, मी तसं बोलत नाही. "त्याच्यावरच त लोकं हासतेत, सर!"

कोट दिला. मला आता कुठे घालायचाय.