आ कर!

अब्बा, मागच्या आठवड्यात मी स्पेनमध्ये, भर दुपारी, हजारो माणसांच्या गर्दीत भीतीने थिजून उभी होते. वॅलेन्सिया शहरात आगीचा सण असतो. चौकाचौकांत लाकडाचे, कागदाचे उंच पुतळे उभारतात, शेवटच्या रात्री ते जाळतात, आणि त्याआधी रोज दुपारी मोठ्या चौकात दारू उडवतात. दिवसाउजेडी. बघायला फारसं काही नसतं, नुसता आवाज. रियाधहून निघण्याआधीच तुमच्या नातीने हट्ट धरला होता. मी म्हटलं, फटाकेच तर आहेत.

पहिला बार कानात नाही, पोटात वाजला. मग दुसरा, तिसरा, मग वेगवेगळे ऐकूच येईनात. पायाखालची फरशी हलायला लागली, दुकानांच्या काचा थरथरल्या आणि मी लहानपणीच्या, युद्धाच्या दिवसांतल्या जुबैलला पोचले, आपल्या क्वार्टरच्या आतल्या खोलीत. काचांवर तुम्ही चिकटपट्टीच्या फुल्या मारल्यात, दाराखाली ओला टॉवेल सारलाय. अम्मीची मगरिबची नमाज नुकती आटोपलीय आणि सायरन सुरू होतो. गॅसचा मास्क कंपनीने फक्त तुम्हाला दिलाय. तुम्ही तो अम्मीपुढे धरता, अम्मी माझ्यापुढे, मला तो सैल होऊन गळ्यावर घसरतो. शेवटी तो सतरंजीवर पडून राहतो, कुणीच घालत नाही. अम्मी कधीपासून म्हणत होती, "गावाला जाऊ या." तुमचं एकच उत्तर, "पासपोर्ट कफीलकडे आहेत. व्हिसा त्याचा, नोकरी त्याची. तो देईना, मी काय करू?"

मग आभाळात काहीतरी फुटतं. मी दात आवळून तुमच्या कुशीत शिरते, तर तुम्ही माझा जबडा धरून ओरडता, "आ कर! तोंड उघडं ठेव! उघड म्हणतो ना!" माझ्यावर तुम्ही कधी आवाज चढवला नव्हता. सगळं शांत झाल्यावर मी रडले ती त्या स्फोटामुळे नाही, तुम्ही रागावलात म्हणून. अम्मी माझे डोळे पुसत होती आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसला होतात. तुमची पाठ हलत होती. मला वाटलं, अजून चिडलेलेच आहेत.

चौकात माझ्या शेजारी एक म्हातारी होती. माझे आवळलेले दात बघून तिने स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं, मोठा आ केला आणि मला खुणावलं, असं कर. मी वळून बघितलं, तर निम्मा चौक आ करून उभा. माझी लेकसुद्धा.

"मम्मा, तू थरथरतेयस! इट्स ओव्हर. खलास." ती माझा दंड धरून म्हणाली. मग नवऱ्याने समजावलं, इतका मोठा आवाज असला की तोंड उघडं ठेवायचं, कानांवर ताण कमी येतो. तुम्हाला ते तेव्हा कुणी शिकवलं होतं, प्लांटवर? विचारायला तुम्ही नाही. इतकी वर्षं मी तो राग समजत होते.

हे पाठवू कुठे? घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही, पण दुसऱ्या दिवशी संत्री आणायला जाते म्हणून मी निघाले आणि एकटीच पुन्हा त्या चौकात जाऊन उभी राहिले. भीती तेवढीच वाटली. पण तुमचा आवाज मला कधीपासून आठवेनासा झाला होता, अब्बा, आणि तिथे तो ऐकू येतो.