गुडघा बरा झाला होता

आबा, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवणारी घरात आता मी एकटीच उरले आहे. रागवायचं तरी कुणाजवळ, म्हणून लिहायला बसले.

परळच्या मैदानावर खो-खोचा सराव चालला होता. खांबाला वळसा घालून मी एका मुलीच्या मागे झेपावले, पाऊल मातीत रुतलं, अंग वळलं आणि गुडघा आत गेला. हॉस्पिटलात म्हणाले, हाड शाबूत आहे, आतल्या बाजूचं लिगामेंट फाटलंय. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. ते काढलं तेव्हा वाळलेली मांडी बघून आई रडायलाच लागली. व्यायाम विभागातल्या बाईंनी मात्र तुम्हाला पुढे बोलावलं. "घरी तुम्ही करून घ्यायचं. पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, गुडघ्याची वाटी वर सरकली पाहिजे. मांडीत जोर आला तरच गुडघा सांभाळला जाईल."

आणि तुम्ही करून घेतलंत. तुमची गिरणीत दुपारची पाळी, म्हणून सकाळी चाळीच्या गॅलरीत चटई टाकून मला निजवायचात. मांजरपाटाच्या पिशवीत चौपाटीची वाळू भरून पावलाला बांधायचात, आणि जरा जोर आला की त्यात मूठभर वाळू वाढवायचात. मी कण्हायला लागले की वाटीवर बोट ठेवून म्हणायचात, "रडतंस कित्याक गो? बघ, सरकली ती." ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. तुम्ही एकही सभा चुकवत नव्हतात. घरी येऊन तावातावाने सांगायचात, दिल्लीत बंद दाराआड आपलं ठरवतात, आपल्याला कुणी विचारत नाही. संचारबंदी जरा सैल झाली त्या सकाळी बस नव्हती, रस्त्यात दगड-काचांचा खच होता, तरी मला पाठुंगळीला घेऊन तुम्ही लालबागहून हॉस्पिटलला निघालात. कोपऱ्यावर पोलिसाने काठी आडवी घातली. "पोरीचा पाय आहे, साहेब. आज चुकलं तर जन्माचा वाकडा राहील," म्हणालात. त्याने सोडलं. तुमच्या मानेवरचा घाम मला अजून आठवतो.

शेवटच्या तपासणीला बाईंनी मला हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात पळवलं, एका पायावर उड्या मारायला लावल्या, धावता धावता अचानक वळायला सांगितलं. मग डॉक्टरांनी तुम्हाला एकट्यालाच आत बोलावलं. बाईही आत गेल्या, मी बाहेर बाकावर. तुम्ही आलात ते माझ्याकडे न बघताच. "डॉक्टर नको म्हणतत. खेळ संपलो तुझो."

आमचा संघ मोठ्या सामन्यांना बाहेरगावी जाणार होता. मैत्रिणी विचारायला आल्या, त्यांनाही तुम्ही तेच सांगितलंत. संध्याकाळी माझ्यासाठी हिरवी, बारीक काठाची साडी घेऊन आलात. तुमचा चेहरा असा झाला होता की मलाच वाटलं, माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त लागलंय. मीच तुमची समजूत घातली, आबा. "असू दे, तुम्ही तरी काय करणार?" म्हटलं. आणि तुम्ही ती समजूत घालून घेतलीत.

पुढे लग्न झालं, संसार झाला, तुम्ही गेलात. मग माझी मुलगी कबड्डीत पडली. तिचाही गुडघाच. दादरला एक वयस्कर बाई घरी व्यायाम करून घेतात असं कळलं, म्हणून तिला तिथे नेलं. तिला निजवून त्या म्हणाल्या, "वाटी वर सरकू दे," आणि मी आवाज ओळखला. पाठुंगळीला बसून यायची ती खो-खोवाली मी, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, मग खेळलीस का पुन्हा?"

"कशी खेळणार? डॉक्टर नको म्हणाले होते."

त्यांनी मुलीच्या पायावरचा हात काढला. मग म्हणाल्या, "डॉक्टर हो म्हणाले होते. मी तिथेच होते. तुझे वडीलच म्हणाले, पुन्हा पडली तर लंगड्या पोरीशी लग्न कोण करील? आम्ही म्हटलं, तिच्याशी बोला, मग ठरवा. मला वाटलं, बोलले असतील."

मुलीने मान वर करून विचारलं, "आई, तू खेळायचीस?"

तुमची भीती मला कळते. चाळीतली पोर, एकट्या गिरणीच्या पगारावर घर. पण मग ती वाळू कशासाठी वाढवत होतात, आबा? बोहल्यावर नीट उभी राहावी म्हणून? माझी मुलगी बरी झाली तेव्हा जे सांगायचं ते तिच्यासमोरच सांगा, असं मी डॉक्टरांना बजावलं. ती परत मैदानात उतरली. मी बघायला गेले आणि तिचा सामना संपेपर्यंत मला तुमचाच राग येत राहिला.

हे कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगते. तुम्ही विचारलं असतंत तर कदाचित मीच नको म्हटलं असतं. त्या अंगणात वळताना मला फार भीती वाटली होती. बाईंना मी ते बोलले नाही. बाकावर बसले होते ती, तुम्ही बाहेर आलात की तुम्हाला सांगायचं म्हणून.